तलवारीच्या मुठीतला काळा गंज घासू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात खंडेनवमीच्या तयारीची बातमी आली होती, सोबत छायाचित्रही होतं. आठ-दहा पोरं अंगणात पोती अंथरून बसलेली, पुढ्यात जुन्या तलवारी, कट्यारी, दोन दांडपट्टे आणि एकाच्या हातात ग्राइंडर. आजच्या काळात पोरं घरची शस्त्रं माळ्यावरून खाली काढतात, त्यांची पूजा मांडतात, याचा मला आनंदच आहे. पण छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात मूठ काढून ठेवलेलं एक पातं दिसत होतं. एरवी मुठीत झाकलेला असतो तो त्याचा शेवटचा वीतभर भाग घासून घासून चांदीसारखा पांढरा केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. का लागली नाही ते सांगायलाच हे पत्र लिहितोय. नवरात्र बसायच्या आत छापलंत तर उपकार होतील.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला शिकलगार, म्हणजे हत्यारं घासून त्यांना धार आणि झळाळी देणारा. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्याकडे तलवारींना शिकल करायचं काम यायचं. वडिलांच्या काळात ते दसऱ्यापुरतं उरलं आणि माझ्या काळात ऊसतोडीचे कोयते, विळ्या, अडकित्ते आणि शिंप्यांच्या कात्र्या यांवर घर चाललं. तरी घटस्थापनेपासून खंडेनवमीपर्यंत दुकानात दहा-वीस जुनी पाती येतातच. चिखली, शिरोळ, कागल, गडहिंग्लज अशा सगळीकडून येतात. माझं आता वय झालंय, हात थोडा थरथरतो, पण डोळा अजून शाबूत आहे.

१९७३ साली मी अठरा वर्षांचा होतो. खंडेनवमीच्या आठवडाभर आधी शिरोळ तालुक्यातले एक निवृत्त हवालदार दुकानात आले. काखेत पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेली तलवार. महायुद्ध संपलं तेव्हा ते मलायात होते. जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या. त्यातलीच एक हवालदारांना त्यांच्या साहेबांनी घरी येताना दिली होती. पाहताक्षणीच कळत होतं की हे आपल्याकडचं हत्यार नव्हे. पातं बारीक, एकधारी, कमानीसारखं हलकेच वळलेलं. मूठ दोन्ही हातांत धरायची. तिच्यावर माशाच्या खरखरीत कातड्याचा थर आणि त्यावर फितीची तिरपी तिरपी वीण. म्यान लष्करी, खाकी रंगाचं.

वडिलांनी पातं उन्हात तिरपं धरून पाहिलं. धारेच्या कडेनं एक पांढुरकी, धुकट रेघ लाटेसारखी टोकापर्यंत गेलेली होती. जपानी लोक तिला हामोन म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. आमच्या भाषेत ती पाण्याची रेघ. पाणी देण्याआधी, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करण्याआधी, मातीचा लेप धारेवर पातळ आणि पाठीवर जाड लावतात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. त्या दोन्हींच्या सीमेवर ती रेघ उमटते. वडिलांना यातलं काही वाचून ठाऊक नव्हतं, पण हाताला कळलं. मला म्हणाले, “पात्याला सहाण लावायची नाही, कुरुंद नाही, काही नाही. हलकं तेल पूस आणि ठेव. याचं पाणी वेगळं आहे.” आणि ते एका कामासाठी बाहेर गेले.

पात्याला मी हात लावला नाही. पण मुठीत एक बांबूची खुंटी दिसली. ती ठोकून काढली तशी मूठ अलगद सुटली. आपल्या तलवारीची मूठ अशी निघत नाही. तिच्यात लाख भरलेली असते, ती तापवावी लागते. इथं मात्र सगळं एका खुंटीवर उभं. आत पात्याचा जो भाग होता तो पाहून मला वाटलं, एवढी देखणी वस्तू आणि आत ही घाण! तो भाग जांभळट काळा होता, जुन्या चुलीवरच्या कढईच्या बुडासारखा, पण हाताला गुळगुळीत. त्यावर छिन्नीनं कोरलेली काही अक्षरं होती. मला वाटलं, हे उजळून दिलं तर हवालदार खूश होतील, वडीलही शाबासकी देतील.

चिंच कोळून तिचा लेप दिला, वर ओलं फडकं गुंडाळलं. दोन तासांनी काळं सुटायला लागलं. मग पातं पोत्यात गुंडाळलं, त्या भागाचं टोक लाकडाच्या फळ्या घालून शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळून धरलं आणि कानस घेतली. कानशीनं वरचा थर काढला, मग पॉलिश कागद मारला. संध्याकाळपर्यंत तो भाग ताटासारखा लखलखत होता. अक्षरांच्या जागी नखाला लागतील न लागतील अशा रेघा उरल्या होत्या. टोकाकडचा शेगड्यात दाबलेला दोन-अडीच बोटं भाग तेवढा काळा राहिला होता.

वडील आले. त्यांनी ते हातात घेतलं, दिव्याखाली नेलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हवालदार आले, तेही तिथंच पाहायला लागले. घरी दर दसऱ्याला ते स्वतः मूठ काढून नातवंडांना ती अक्षरं दाखवायचे. “आरं, ह्यावरची अक्षरं कुठं गेली?” एवढंच त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. वडिलांनी पैसे घेतले नाहीत. त्या खंडेनवमीला आमच्या घरी पूजेत सगळी हत्यारं मांडली होती, ती कानस मात्र मांडली नव्हती.

मी तेव्हा काय पुसून टाकलं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

जपानी तलवारीच्या त्या मुठीतल्या भागाला नाकागो म्हणतात. पातं घडवणारा लोहार तो भाग घडवून झाल्यावर कानशीनं साफ करतो आणि त्यावर आपलं नाव कोरतो. बहुधा एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला तारीख असते. पातं पुढं पॉलिश करणाऱ्याकडे जातं, तो धार, पाठ, टोक सगळं दगडावर घासतो, पण नाकागोला हात लावत नाही. दोनशे वर्षांत त्या तलवारीला दहा वेळा पॉलिश झालं तरी नाकागो लोहाराच्या हातून सुटला तसाच राहतो. फक्त त्याच्यावर गंज चढत जातो. नवा असताना तो पांढुरका असतो, मग तपकिरी होतो, मग काळा. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पात्यांचा गंज इतका मुरलेला असतो की तो चोळल्यासारखा गुळगुळीत लागतो. जाणकार माणूस पातं नंतर पाहतो, आधी हा रंग पाहतो.

बोलायला गेलं तर तिथली प्रत्येक खूण बोलते. लोहाराच्या कानशीच्या रेघा आडव्या आहेत, तिरप्या आहेत की ससाण्याच्या पिसासारख्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या, यावरून घराणं ओळखू येतं. टोकाचा आकार गोलसर की अणकुचीदार, तेही पाहतात. खुंटीची भोकं किती, हेही महत्त्वाचं. दोन-तीन भोकं असतील तर त्या पात्याला निरनिराळ्या काळात निरनिराळ्या मुठी बसल्या असं समजतं. घोड्यावरून लढायची जुनी लांब तलवार धार खाली करून लटकवत, नंतरची कताना धार वर करून कमरपट्ट्यात खोचत. त्यामुळे नाव कोणत्या बाजूला कोरलंय यावरून ती कशी बाळगण्यासाठी घडवली होती ते कळतं.

पुढं ती लांब पाती आखूड करायची वेळ आली. आखूड करतात ती टोकाकडून नव्हे, नाकागोकडून, म्हणजे लोहाराचं नाव कापलं जाणार. तेव्हा काही कारागिरांनी काय केलं, तर जुन्या नाकागोवरचा नावाचा तेवढा चौकोनी तुकडा कापून काढला आणि नव्या नाकागोत खाच पाडून तो जडवला. कुणी नावाचा भाग कापून टाकण्याऐवजी मागं दुमडून ठेवला. अशी पाती आजही आहेत. ज्याचं नाव आहे तो लोहार मरून तीनशे वर्षं झालेली, पातं दुसऱ्याच्या मालकीचं, आणि तरी त्या कारागिरानं एका नावासाठी एवढा खटाटोप केला. माझ्यासारख्या कानस चालवणाऱ्या माणसाला हे वाचून घशात आवंढा आला.

तोक्योत १९४८ साली जपानी तलवारींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. ती तलवार तपासून प्रमाणपत्र देते, आणि त्या प्रमाणपत्रावर नाकागोचं चित्र असतं. पात्याची ओळख तिथंच राहते.

आता हवालदारांच्या तलवारीचं पुढं काय झालं ते सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं. हवालदार तेव्हा हयात नव्हते. भिंतीवरची तलवार कित्येक दिवस पाण्यात राहिली. पूर ओसरल्यावर त्यांचा नातू ती घेऊन माझ्याकडे आला, मी कोण हे त्याला आजोबांच्या तोंडून माहीत होतं. मूठ काढली तर मी उजळलेल्या भागावर तांबेरा फुटला होता, खाली खड्डे पडले होते. शेगड्यात दबून काळ्या राहिलेल्या टोकाला त्या मानानं कमी इजा होती. वरचा जुना थर मी काढला नसता तर एवढे खड्डे पडले नसते, असं माझं मत आहे.

नातवानं एक कागदही आणला होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असल्यामुळे तो पुरातून वाचला. १९४५ साली छावणीतल्या कुणा दुभाष्यानं पातळ कागद नाकागोवर ठेवून वरून पेन्सिल घासली होती. काळ्या पेन्सिलीत पांढरी अक्षरं उमटली होती, कानशीच्या तिरप्या रेघांसकट, भोकाच्या गोल कडेसकट. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंनी तो वाचून दिला. एका बाजूला लोहाराचं नाव. ते मी इथं देत नाही, कारण त्या नावाच्या बनावट सह्याही पुष्कळ सापडतात. दुसऱ्या बाजूला सात अक्षरं: कानबुन सहावं वर्ष, आठवा महिना, दिवस. कानबुन हे तिकडच्या एका कालखंडाचं नाव. दिवसाचा आकडा नाही, नुसतं “दिवस”. तारखा अशाच कोरायची तिकडं रीत होती. आणि महिनाही बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवाच कोरत, म्हणजे तो शब्दशः धरायचा नसतो. वर्ष मात्र धरायचं. कानबुन सहा म्हणजे इसवी सन १६६६.

महाराज आग्र्याहून सुटले ते साल. त्या साली जपानातल्या कुठल्या तरी भट्टीत हे पातं पाण्यात बुडालं, मग लष्करी मुठीत बसून मलायात आलं, तिथून हवालदारांच्या हातून पंचगंगेच्या काठाला आलं आणि शेवटी माझ्या शेगड्यात.

कागद शेजारी ठेवून मी भिंगातून नाकागो पाहिला. सातांपैकी पहिली पाच अक्षरं, म्हणजे कालखंडाच्या नावाची दोन अक्षरं, सहाचा आकडा, “वर्ष” हा शब्द आणि आठाचा आकडा, तिथं आता नाहीत. त्यांच्या जागी माझ्या कानशीच्या रेघा आहेत. खालची दोन आहेत, कारण ती शेगड्यात झाकलेली होती. दोन्ही लहानशा खिडकीसारखी दिसतात, चौकट आणि आत आडवे गज. एक “महिना”, दुसरं “दिवस”. आकडे सगळे गेले.

नातवानं कागदाचे आणि तलवारीचे फोटो काही जाणकारांना पाठवले. उत्तर आलं की कागदावरची अक्षरं चांगली दिसतात, पण नाकागो घासलेला असल्यामुळे सही खरी की खोटी हे आता सांगता येणार नाही. ते बरोबरच आहे. खोटी सही करणारे जुन्या बिनसहीच्या पात्यावर नवं नाव कोरतात आणि औषध लावून गंज चढवतात. तो पकडायचा तर छिन्नीच्या खाचेतला गंज आणि आजूबाजूचा गंज एकाच वयाचा आहे का, हे पाहावं लागतं. मी गंजच ठेवला नाही, तर पाहणार काय?

लोक विचारतात, गंज म्हणजे नासाडी, मग तो राखायचा कशाला? गंज दोन तऱ्हांचा असतो. लाल-नारिंगी, बोट लावलं तर पावडर सुटणारा, तो तांबेरा. तो ओल धरतो, पसरतो, पोलाद खातो. पण काळा, घट्ट, हाताला न सुटणारा गंज वर्षानुवर्षं दबत जाऊन पोलादाला चिकटलेला असतो, आणि खालच्या पोलादापर्यंत हवा-पाणी सहजी पोचू देत नाही. चिंच, लिंबू, सायट्रिक आम्ल, शौचालय साफ करायची औषधं, यांना हा फरक कळत नाही. ती दोन्ही काढतात आणि वर खाचांमध्ये स्वतः राहतात. मग पहिल्याच पावसाळ्यात तिथं नवा तांबेरा फुटतो. आपल्या कोल्हापुरातला जून ते सप्टेंबरचा दमटपणा मी काही वेगळा सांगायला नको.

समया, तांब्या, देवाची भांडी चिंचेनं घासायलाच हवीत. ती रोजच्या वापरातली, तेला-धुरानं काळवंडणारी. त्यांचं आणि याचं एक नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली रोमी समुद्रदेवतेची छोटी काशाची मूर्ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ती कुणी सणासाठी चिंच लावून घासली तर आपल्याला चालेल का? आपल्या मराठी तलवारींनाही हेच लागू आहे. फिरंग म्हणतो ती पाती युरोपातून आलेली, त्यांच्यावर मुठीलगत कारागिरांचे शिक्के असतात. कित्येक तलवारींवर मुठीजवळ ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरं असतात. ग्राइंडरचं चाक एका मिनिटात ती सपाट करतं. उद्यमनगरात बफ मारून आणलेल्या अशा दोन तलवारी याच वर्षी माझ्या हातात आल्या. आरशासारख्या लखलखतात, पण त्यांच्या अंगावर वाचण्यासारखं काही राहिलेलं नाही.

ज्यांच्या घरी जपानी तलवार आहे (आणि या जिल्ह्यातल्या फौजी घरांत त्या आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत), त्यांना एवढंच सांगणं आहे. मूठ वरचेवर काढू नका. काढलीच तर खुंटी निमुळती असते, ती बारीक बाजूनं ठोकून जाड बाजूनं बाहेर काढा. नाकागोवर सुट्टी धूळ असेल तर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं कोरडी पुसा, बस्स. कुठं नवा तांबेरा दिसला तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, अर्धा दिवस तसाच ठेवा, मग बांबूच्या चपट्या काडीनं हलकेच सोडवा. काळं लागलं की तिथं थांबा, आणि तेल पूर्ण पुसून घ्या, नाहीतर ते मुठीच्या लाकडात जिरतं. खोबरेल किंवा गोडं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. पात्याला बोटं लावू नका, घामाचे ठसे गंजून कायमचे राहतात. जपानात पात्याला लावायचं तेल लवंगेच्या वासाचं असतं, तेही पातळ, पुसून जेमतेम उरेल एवढंच. आणि पूजेत हळद-कुंकू, लिंबू पोलादावर नको, म्यानाशेजारी पाटावर वाहा. श्रद्धेला त्यानं काही कमी पडत नाही.

माझ्या धंद्यातल्या भावांना वेगळं सांगायचंय. गिऱ्हाईक “सगळं चकाचक करा” म्हणतं आणि आपण नाही म्हणत नाही, कारण दसऱ्याचे चार पैसे असतात. मुठीतल्या भागापुरतं नाही म्हणा. मी १९७३ पासून म्हणतोय, एकही गिऱ्हाईक त्यापायी तुटलेलं नाही.

आणि शस्त्रपूजेच्या तयारीला बसणाऱ्या मंडळांतल्या पोरांना विनंती. ग्राइंडर आणायच्या आधी मोबाइल घ्या. खोलीत अंधार करून एका बाजूनं बॅटरी तिरपी धरा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी कोरीव अक्षरं उठून दिसतात. फोटो काढा, पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या, त्यावर तारीख आणि घराचं नाव लिहा.

घटस्थापनेपासून खंडेनवमीपर्यंत रोज दुपारी तीन ते सहा मी दुकानात असतो. मंगळवार पेठेत धारवाल्या म्हाताऱ्याचं दुकान विचारलं तर कुणीही दाखवील. घरची जुनी तलवार घेऊन या. मूठ मी काढून देईन, ठसा तुमच्या देखत घेईन आणि तशीच परत बसवून देईन. याचे पैसे घेणार नाही. हवालदारांच्या नातवानं त्या पेन्सिलीच्या ठशाची एक प्रत मला दिली आहे, ती दुकानात भिंतीवर लावली आहे. तिच्याखाली ती कानस ठेवली आहे.

आपला,
एक शिकलगार
मंगळवार पेठ, कोल्हापूर